नील बेटावर जागा बघून आलोय, घर बांधावं का?

गंगापूररोडचा_पेन्शनर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो. नाशिकचा माणूस अंदमानला जातो तो मुळात सेल्युलर जेलसाठी, आम्हीही तसेच गेलो. भगूरच्या माणसाची कोठडी बघून बाहेर पडलो आणि हॉटेलवर पोचेपर्यंत दोघांपैकी कोणी बोललं नाही. टूरवाल्याने पुढचे दोन दिवस नील बेटावर ठेवले होते. कागदावर आता ते शहीद द्वीप झालंय, पण तिथली माणसं नीलच म्हणतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "इथे राहायला काय हरकत आहे?" एकतीस वर्षं मी कोकणात घर घेऊ म्हणतोय आणि ही बाई मला साप-विंचू मोजून दाखवते. त्यामुळे मी तिच्याकडे बघतच राहिलो.

हॉटेलवाल्याच्या ओळखीने एक एजंट भेटला. त्याने समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर 800 चौरस मीटरचा तुकडा दाखवला. म्हणजे आपले जेमतेम आठ गुंठे. नारळाची झाडं आहेत, सुपारी आहे, एका कोपऱ्यात पत्र्याची जुनी खोली. म्हणतो, टायटल एकदम क्लिअर, मेनलँडचा माणूस घेऊ शकतो. भाव ऐकून मला हसूच आलं, कारण सिंहस्थ जवळ आल्यापासून मखमलाबादला जो भाव सांगतात त्यापुढे हे काहीच नाही. मखमलाबादच्या वडिलोपार्जित जागेतला माझा वाटा नुकताच विकलाय, पैसे बँकेत पडून आहेत.

बेत असा की दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे मोठा ओटा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही तिथे राहणार, उरलेले आठ महिने कुलूप. जमलं तर होमस्टे. बांधायला इथलाच ओळखीचा ठेकेदार न्यायचा विचार आहे, माझ्या बंगल्याचं काम त्यानेच केलंय.

दुसरे पर्याय पाहिले. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला जमीन मिळत नाही. मुलगा बालीचं म्हणत होता, पण तिथे परदेशी माणसाच्या नावावर मालकी होतच नाही, काही वर्षांची लीज फक्त. भाडेकरू म्हणून मरायला एवढ्या लांब कशाला जायचं? अंदमान निदान आपलं आहे.

तिथे कोणी प्रत्यक्ष जागा घेतली आहे का, बांधलं आहे का? कागद काय बघायचे? भूकंपाचं काय? मला बीपी आहे, सौ.ना मधुमेह. खरं काय ते सांगा, मन राखू नका.

मिसळ_आणि_पापड

काका, इगतपुरीला घ्या. पाऊस तेवढाच आणि दवाखाना पाऊण तासावर. समुद्र नाही एवढं एक सोडा, भावलीच्या धरणाकाठी खुर्ची टाकून बसा.

निवृत्त_भूकरमापक

वरच्या भावाचा विनोद बाजूला ठेवू. आयुष्यभर भूमी अभिलेखमध्ये मोजणी केली आणि एकदा मेव्हण्यासाठी पोर्ट ब्लेअरला कागद तपासायला गेलो होतो, त्या बळावर सांगतो.

पहिली गोष्ट, तिथे सातबारा नाही. तिथला महसूल कायदा 1966 च्या रेग्युलेशनचा आणि हक्काचा उतारा म्हणजे फॉर्म एफ. एजंटला म्हणावं, बाकी काही पाठवू नको, चालू तारखेचा फॉर्म एफ आणि नकाशा पाठव. त्यावर जमिनीचा प्रकार लिहिलेला असतो: घराची जागा, भाताची जमीन की डोंगरी जमीन. नीलवर पूर्व बंगालच्या निर्वासित कुटुंबांना सरकारने जमिनी देऊन वसवलं. तेव्हा नारळ-सुपारी दिसली की ती बहुतेक वाटपातली शेतजमीन समजायची. तिथे घर बांधायचं तर आपल्याकडच्या एन.ए.सारखं वापर बदलून घ्यावं लागतं, त्याला डायव्हर्शन म्हणतात. 'नंतर होऊन जाईल' हे वाक्य ऐकलं की उठायचं. हे वाक्य मी सिन्नर तालुक्यातही ऐकलंय, दिंडोरीतही ऐकलंय, आणि त्यानंतर जे होतं ते मोजायला मलाच बोलावतात.

दुसरी गोष्ट कब्ज्याची. अंदमान-निकोबारचं क्षेत्र 8,249 चौरस किलोमीटर, त्यातलं 7,171 कागदोपत्री जंगल. उरतं किती ते बघा, आणि त्यातही सरकारी आहेच. त्यामुळे जंगलात घुसून वसलेल्या वस्त्यांचा प्रश्न जुना आहे. 1978 पूर्वीचे आणि नंतरचे असा भेद तिथे लहान पोरालाही ठाऊक असतो. नंतरच्यांना हटवा असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं होतं. तुमची ती पत्र्याची जुनी खोली कोणाची आहे, तिथे कोण राहत होतं, हे शेजाऱ्याला विचारा. एजंटला विचारू नका.

तिसरी, किनाऱ्याची रेषा. गोदावरीला 2008 च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आली आणि गंगेकाठच्या कितीतरी प्लॉटवाल्यांची झोप उडाली, आठवतंय ना? बेटांवर तसंच आहे, फक्त मोजणी भरतीच्या रेषेपासून. किनाऱ्यालगतच्या बांधकामाची बेटांसाठी 2011 ची अधिसूचना वेगळी, 2019 ची वेगळी, आणि अंतर बेटाच्या आकारमानावर ठरतं. 'चालत पाच मिनिटं' हे मोजमाप नव्हे. मीटरमध्ये लेखी घ्या. आणि कोणी बिघ्यात भाव सांगितला तर चौरस मीटर विचारा, बिघा गावागणिक बदलतो.

सगळे वारस सहीला हवेत. वाटप आजोबांना, आता नातवंडं पोर्ट ब्लेअर आणि कोलकात्यात. तिथेच अडतं.

अंबडचा_फॅब्रिकेटर

साहेब, मी बांधलंय. नीलला नाही, दक्षिण अंदमानात, वंडूरच्या रस्त्याला. जागा 2018 च्या डिसेंबरात घेतली, वास्तुशांत 2022 च्या मार्चमध्ये. मधे करोना गेला हे खरं, पण करोना नसता तरी तीन वर्षं लागलीच असती. अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, आता मुलगा बघतो. म्हणजे मी बांधकामातला अडाणी नव्हतो. तरी ठेचा खाल्ल्याच.

पहिली ठेच गेटची. मला वाटलं तिथे कोण चांगलं गेट करणार, आपण नाशिकहून नेऊ. एम.एस.चं, म्हणजे साध्या पोलादाचं गेट, दोन खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचं रेलिंग, सगळं अंबडला केलं, रेड ऑक्साइड, वर दोन हात ऑइल पेंट. ट्रकने चेन्नई, म्हणजे तेराशे किलोमीटर रस्ता. मग चेन्नईहून जहाज, म्हणजे जवळजवळ तेवढाच समुद्र. जहाजाला तीन दिवस लागतात, पण जहाजात जागा मिळेपर्यंत माल गोदामात पडून राहतो. माझा माल नाशिक सोडल्यापासून साइटवर पोचायला सात आठवडे लागले. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर गेटच्या प्रत्येक वेल्डमधून तांबडं पाणी गळायला लागलं. तीस वर्षं गेटं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गेटला! बायकोने फोटो काढून वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकला.

मग स्टेनलेस लावलं. त्यातही पहिल्यांदा 304 ग्रेडचं लावलं, कारण वर्कशॉपला तेच पडलेलं होतं. त्यावर चहाचे डाग पडल्यासारखे डाग आले. खाऱ्या हवेला 316 लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मीठ झेलतं. पत्र्याचे स्क्रू, बिजागऱ्या, कडी-कोयंडा, पंख्याचा हूक, सगळं याच हिशेबाने बघा. नाशिकमध्ये बिजागरी कुठली हा प्रश्न आपण आयुष्यात कधी विचारत नाही. आपली हवा किती सोशीक आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता काँक्रीट. तुमचा ठेकेदार कितीही चांगला असू दे, तो इथे बीमला पंचवीसचं कव्हर ठेवतो. तिथे सळईवर पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटर काँक्रीट हवं आणि ग्रेड एम तीसच्या खाली नको. नाहीतर मीठ आत शिरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. पोर्ट ब्लेअरला फिरताना छज्ज्यांच्या खालच्या बाजू बघा, तुम्हाला पोपडे सुटलेले दिसतील. किनाऱ्याची वाळू कोणी 'रात्रीत आणून देतो' म्हणाला तर हाकलून द्या. एक तर ती काढायला बंदी, आणि दुसरं म्हणजे तिच्यात मीठ. आपण आपल्याच हाताने मीठ भरून घर बांधायचं का? दगडाची क्रश सँड मिळते, महाग मिळते, पण तीच घ्या.

सगळ्यात मोठं कोडं पाण्याचं, आणि हे मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात सातशे धरा. मेमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत सोडत नाही, कारण दोन्हीकडचा मान्सून तिथे येतो. म्हणजे बांधकामाला कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाणी नसतं! उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरलाही पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. स्लॅब टाकायला ऊन आहे, पण क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी नाही. पाणी आहे तेव्हा आभाळ फाटलेलं. मी पहिल्या स्लॅबला टँकरच्या मागे पळत होतो आणि मिस्त्री शांतपणे शेजारच्या विहिरीचं पाणी मारत होता. मी ओंजळभर तोंडात घेतलं तर मचूळ. तो म्हणाला, "साब, पानी तो पानी है." त्याला बिचाऱ्याला काय बोलणार, त्याच्या स्वतःच्या घराचीही तीच गत होती.

म्हणून माझा सल्ला, घराच्या आधी टाकी बांधा. माझ्या ओट्याखाली चाळीस हजार लिटरची टाकी आहे. छप्पर शंभर चौरस मीटर असेल तर तिथल्या पावसात त्यावर वर्षाला तीन लाख लिटर पडतं. आम्ही दोघं दिवसाला तीनशे लिटर वापरतो, म्हणजे कोरडे चार महिने छत्तीस हजारांत निघतात. पावसाळ्यात टाकी भरून वाहते, मार्चमध्ये तिच्यावर आम्ही राजे असतो. नीलसारख्या छोट्या बेटावर तर याला पर्याय नाही.

करोनाचं सांगतो. 2020 च्या मार्चमध्ये प्लिंथ, म्हणजे जोतं, झाली होती आणि कॉलमच्या सळया कमरेएवढ्या वर काढून ठेवल्या होत्या. काम थांबलं. मी नाशिकला, सळया तिथे. चौदा महिन्यांनी गेलो तर हाताने पापुद्रा निघत होता. माझा हात वेल्डिंग मशीनकडे गेला, खोटं कशाला बोलू. पोर्ट ब्लेअरच्या इंजिनिअर बाईंनी मला तिथल्या तिथे झापलं. म्हणाल्या, "ही सळई तुमच्या गेटची नाही. ही भूकंपात वाकली पाहिजे, तुटता कामा नये. वेल्ड मारलेली तिथेच तुटेल." गंजलेल्या कापल्या, भोकं पाडली, केमिकल अँकरने नव्या बसवल्या. खर्च सांगत नाही, सौ. हा धागा वाचतात.

भूकंपाबद्दल तुम्ही विचारलंत. आपलं नाशिक झोन तीनमध्ये, अंदमान पाचमध्ये. पण झोनचा आकडा वाचून काही कळत नाही. पोर्ट ब्लेअरहून आमच्याकडे येताना सिप्पीघाट लागतं, तिथे गाडी थांबवा. 26 डिसेंबर 2004 ला सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप झाला, मागून लाट आली, हे सगळ्यांना माहीत आहे. लाट गेली. पण दक्षिण अंदमानची जमीनच जवळजवळ मीटरभर खाली बसली आणि उत्तरेकडे किनारे वर उचलले गेले. सिप्पीघाटची भाताची शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली ती गेलीच. तिथे उभं राहून बघितलं आणि मी माझ्या प्लॉटची उंची परत मोजायला लावली. मला आधी समुद्र दिसणारा प्लॉट हवा होता. आता घरातून समुद्र दिसत नाही, टेकाडावर आहे, सकाळी चहा घेऊन वीस मिनिटं चालत जातो. मला काही कमी वाटत नाही.

तुमच्या ठेकेदाराबद्दल. नाशिकहून माणसं नेऊ नका. मी चौघं नेले होते. एकाला जहाजात जी उलटी सुरू झाली ती बंदरावर उतरेपर्यंत. दुसऱ्याला भाकरी मिळेना म्हणून उदास. गणपतीला चौघंही घरी आले ते परत गेलेच नाहीत. तिथले मिस्त्री बंगाली, तेलुगू, रांचीकडचे, सगळे तिथल्या हिंदीत बोलतात. त्यांचा वेग आपल्यापेक्षा कमी, पण ते तिथे असतात हे महत्त्वाचं. सगळं मिळून मला नाशिकच्या पावणेदोन पट खर्च आला, आणि मी लोखंडकाम घरचं धरलेलं आहे. नीलला तर माल पोर्ट ब्लेअरहून परत बोटीत चढवून न्यायचा. तुमचा आकडा माझ्याही पुढे जाईल.

पण साहेब, हे सगळं पैशाने सुटतं. पैशाने न सुटणारी गोष्ट तुमच्या बेतात मधेच एका ओळीत आहे: "उरलेले आठ महिने कुलूप."

नाशिकचं घर आठ महिने बंद ठेवलं तर काय होतं? धूळ बसते, एखादं कबूतर येतं. तिथलं घर बंद ठेवलं तर ते घर राहत नाही. मी 2022 च्या एप्रिलमध्ये कुलूप लावून आलो आणि ऑक्टोबरात उघडलं. गाद्यांवर हिरवी बुरशी. फ्रिजच्या मागची पट्टी गंजून खाली पडलेली. दाराची चौकट स्वस्तातल्या लाकडाची होती, ती वाळवीने आतून पोखरून नुसता रंग उभा ठेवला होता. बोट लावलं तर आत गेलं. पडाऊकच्या लाकडाची एकच चौकट होती, देवघराची, तिला काही झालं नव्हतं. आणि टाकीच्या पाइपात बेडूक. खिडक्या उघडायला, पंखे फिरवायला, गळकं दिसलं की डांबर लावायला रोज कोणीतरी लागतं. आता आमच्याकडे एक बंगाली कुटुंब मागच्या खोलीत राहतं, भाडं नाही, वीज आमची. घर त्यांच्यामुळे आहे. मी त्यांना राखणदार म्हणत नाही. खरं तर सात महिने ते मालक असतात आणि आम्ही पाहुणे म्हणून जातो.

तुम्हाला चार महिने राहायचंय, तर चार महिन्यांसाठी भाड्याने घ्या, दरवर्षी. आणि बांधायचंच असेल तर आधी एक पावसाळा तिथे काढा. फेब्रुवारीत नील सगळ्यांनाच आवडतं. जूनमध्ये जा, बोट तीन दिवस बंद पडू द्या, मग वहिनींना विचारा राहायला काय हरकत आहे.

देवळालीची_सूनबाई

दादांनी लिहिलंय त्यातलं अक्षरन् अक्षर खरं. यजमान फौजेत होते, पोर्ट ब्लेअरला तीन वर्षं काढली आम्ही. मी घरातलं सांगते, कारण ते पुरुष मंडळी कधी सांगत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या पैठणीच्या काठावर जर काळी पडली. त्यानंतर कपाटात चोवीस तास बल्ब लावून ठेवायचो, सगळेच ठेवायचे. मीठ बरणीत ओलं, पापड तळायच्या आधीच मऊ, आणि नाशिकहून नेलेला सांडग्यांचा डबा दोन आठवड्यांत बुरशीने फुगला. कांदा जहाजाने येतो. जहाज उशिरा आलं की कांदा-बटाटा-टोमॅटो तिन्ही महाग. लासलगावच्या शेजारच्या माणसाने कांदा मोजून वापरायचा म्हणजे काय ते तिथे कळतं. नारळ, केळी, मासळी मात्र भरपूर, आणि नीलवर भाजी पिकते, ती छान असते.

काकूंनी कोकणातले साप-विंचू मोजलेत म्हणे. त्यांना घोणीबद्दल कोणी सांगितलंय का? तिथली घोण वीतभर असते. मी बूट झटकल्याशिवाय पोरांना घालू द्यायची नाही. आजही देवळालीत मी चप्पल झटकूनच घालते, सासूबाई हसतात.

संध्याकाळ लवकर होते हे लक्षात घ्या. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. डिसेंबरात पाच-सव्वापाचला अंधार. सुट्टीत ते गोड वाटतं. रोज पाचला अंधार आणि समोर अख्खी संध्याकाळ, त्यात वीज गेली तर माणूस कावतो. पहिले दोन महिने मी रडले आहे.

आणि तब्येत. नीलला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं की पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय, म्हणजे बोट, नाहीतर हेलिकॉप्टर. हवा बिघडली की दोन्ही बंद. 2016 च्या डिसेंबरात वादळात नील आणि शेजारच्या हॅवलॉक बेटावर हजारावर पर्यटक अडकले होते, नौदलाने काढले त्यांना. म्हणजे तुमच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतसुद्धा पहिले दोन महिने वादळाचे असतात. काकूंचं इन्शुलिन असेल तर फ्रिज, आणि फ्रिज म्हणजे वीज. वहीत आधी हे लिहा, मग ओटा किती मोठा ते.

एवढं सगळं लिहून मी असं नाही म्हणत की जाऊ नका. नीलला ओहोटीच्या वेळी दगडांमधल्या डबक्यांतून चाललेली मी, तसं पाणी परत कुठे बघितलं नाही.

गंगापूररोडचा_पेन्शनर

सगळ्यांचे आभार. विशेषतः अंबडच्या साहेबांचे, तुमची पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवली. बेडकाला सौ. हसल्या, वाळवीला गप्प झाल्या. घोणीचा परिच्छेद मी वगळला होता, पण त्यांनी फोन हातात घेऊन स्वतः वाचला.

एक विचारतो. भूकरमापक साहेब, फॉर्म एफवर नाव वारल्या माणसाचंच असेल तर? आणि अंबडचे साहेब, तुमचं ते बंगाली कुटुंब तुम्हाला मिळालं कसं? माणूस ठेवणं मला मान्य आहे, पण अनोळखी माणसाच्या हाती घर म्हणजे…

निवृत्त_भूकरमापक

मेलेल्याच्या नावावर असेल तर आधी त्यांनी वारसनोंद करून घ्यावी, मग तुमच्याशी बोलावं. बयाणा एक रुपया नाही. 'तुम्ही थोडे द्या, त्यातून नोंद करतो' असं म्हणतात. होमस्टेचं पण तिथल्या कार्यालयात आधीच विचारून ठेवा, घरासाठी वळवलेल्या जागेवर धंदा चालेल हे गृहीत धरू नका.

अंबडचा_फॅब्रिकेटर

साहेब, तो आमच्याच साइटवरचा मिस्त्री. तोच, मचूळ पाणी मारणारा. त्याच्या पत्र्याच्या घरात पावसाचं पाणी शिरलं, तेव्हा प्लिंथवर उभारलेल्या सामानाच्या खोलीत बायको-मुलं घेऊन राहायला आला आणि राहिला. घराच्या कुठल्या भिंतीत कुठलं पाणी गेलंय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गळायला लागलं की आधी त्यालाच कळतं. मुलगी त्याची आता दहावीला आहे, मराठी दोन-चार शब्द बोलते. ते सगळे शब्द माझ्या बायकोने माझ्यावर चिडताना वापरलेले आहेत.

जूनमध्ये जाणार असाल तर मला मेसेज करा. आमची पुढची खोली रिकामी असते, महिनाभर राहा. भाडं नको, येताना पाच किलो कांदा आणि चिवडा आणा. 316 चे चार इंची बिजागरीचे दोन डझन पण देतो तुमच्याबरोबर, विमानात वजन बसेल तेवढे.

गंगापूररोडचा_पेन्शनर

कांदा आणि बिजागऱ्या दोन्ही आणतो. सौ. जूनला तयार आहेत, म्हणतात बूट झटकायचा सराव आतापासून करते. नाशिकहून मुंबई, मुंबईहून चेन्नई, मग पुढे असं मुलगा तिकिटं बघतोय.

आणि एजंटला सोमवारी फॉर्म एफ मागितला होता. आज शुक्रवार. चार वेळा आठवण केली. आत्ता त्याचा मेसेज आला, उघडून बघितला तर सूर्यास्ताचा आणखी एक फोटो पाठवलाय.